तेच दळण पुन्हा कशाला?

मोहर्लीच्या प्रवेशद्वारातून ताडोबात शिरलेल्या पाहुण्याला वाघ दिसेल की नाही, हा नशिबाचा भाग. जंगलवाटांवर लावलेल्या कॅमेऱ्यांना मात्र तो दिसतो. वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगवेगळे असतात, म्हणून हे कॅमेरे जोडीनं, वाटेच्या दोन्ही अंगांना लावतात. २०१८च्या देशव्यापी गणनेत अशा कॅमेऱ्यांनी ३ कोटी ४८ लाखांहून अधिक छायाचित्रं टिपली. त्यांतली वाघांची होती ७६,६५१.

आता हा वाघ कोणता, हे ओळखायचं कसं? संगणकावर छायाचित्रात खांदा, कंबर, शेपटीचं मूळ अशा खुणा करतात, वाघाच्या शरीराचा एक साचा त्यावर बसवतात आणि पट्ट्यांची नक्षी उचलून साठवून ठेवतात. नवं छायाचित्र आलं की तेवढ्याचीच नक्षी काढायची आणि साठ्याशी ताडून पाहायची. जुन्या छायाचित्रांवर पुन्हा घाम गाळायचा नाही. एकदा दळलेलं पुन्हा जात्यात घालायचं नाही, इतकी साधी ही युक्ती.

हीच युक्ती संकेतस्थळं घडवणारी मंडळीही वापरतात. तिथे ती फार उपयोगी पडते आणि अधूनमधून दगाही देते. आज बोलायचं आहे ते त्याबद्दल.

मोबाइलवर आपण एखादं पान उघडतो, बटणं दाबतो, तारीख निवडतो. या हालचालींमागे बहुधा जावास्क्रिप्ट नावाची भाषा असते. नेटस्केप कंपनीतल्या ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली तिचा पहिला नमुना अवघ्या दहा दिवसांत तयार केला. तेव्हा ती पानावर किरकोळ करामती करण्यापुरती होती. आज एकेका संकेतस्थळामागे तिच्या शेकडो, कधी हजारो फाईली असतात. आणि प्रोग्रामर जे लिहितो ते तसंच्या तसं आपल्या मोबाइलवर येत नाही. नव्या धाटणीची भाषा जुन्या मोबाइलला कळेल अशी करावी लागते, रिकाम्या जागा आणि टिपणं काढून टाकावी लागतात, सुट्या फाईलींचे मोजके गठ्ठे बांधावे लागतात. या सगळ्या खटाटोपाला ‘बिल्ड’ म्हणतात. वेबपॅक, रोलअप, व्हीट ही तो करणारी अवजारं. त्यांना जोडलेले छोटे मदतनीस म्हणजे प्लगइन. एक भाषा बदलतो, दुसरा रंगरूपाचे नियम तयार करतो, तिसरा चित्रं हलकी करतो.

समजा, पाच जणांचा चमू आहे. प्रत्येक जण दिवसातून वीसदा बिल्ड करतो आणि दर वेळी दोन मिनिटं लागतात. झाली की दोनशे मिनिटं! आणि एका फाईलीतला एक शब्द बदलला म्हणून उरलेल्या नऊशे नव्व्याण्णव फाईलींचं तेच दळण पुन्हा दळलं जातं. म्हणून प्लगइननं एकदा केलेलं काम डिस्कवर साठवून ठेवायचं. या साठ्याला ‘कॅश’ म्हणतात. (हे खिशातलं कॅश नव्हे, इंग्रजी स्पेलिंग वेगळं आहे. खिशातलं साठत नाही, हा आणखी एक फरक.) वेबपॅकनं २०२० साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत डिस्कवरच्या कॅशची सोय स्वतःतच करून दिली. त्याआधी त्यासाठी वेगळे जोड वापरावे लागत.

साठवणं सोपं आहे. अवघड आहे ते साठवलेलं शिळं झालं का, हे ओळखणं. वाघाचे पट्टे जन्मभर बदलत नाहीत, त्यामुळे तिथला साठा सहसा शिळा होत नाही. प्रोग्रामरची फाईल मात्र तासातासाला बदलते.

ही ओळख पटवायची जुनी रीत वेळेवर चालायची. बेल लॅब्जमधल्या स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली ‘मेक’ नावाचं अवजार केलं. मूळ फाईल तयार मालापेक्षा नंतरची असेल तर काम पुन्हा करायचं, असा त्याचा हिशेब. पण फाईलींची नवी प्रत उतरवून घेतली की तारखा बदलतात, मजकूर तोच असला तरी! मग सगळं पुन्हा. म्हणून आता वेळेऐवजी मजकुराचाच ठसा घेतात. गणितानं प्रत्येक मजकुराचा एक छोटा ठसा निघतो, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखा. एक काना बदलला तरी ठसा बदलतो. ठसा जुळला की साठ्यातला माल उचलायचा.

पण एकट्या फाईलीचा ठसा पुरत नाही, आणि घात होतो तो इथेच. पीठ कसं निघेल हे नुसत्या गव्हावर ठरत नाही. जातं कोणतं, दळण जाड की बारीक, हेही पाहावं लागतं. प्लगइनची आवृत्ती बदलली, त्याची मांडणी बदलली, तर फाईल तीच असूनही माल वेगळा निघतो. हे सगळं ठशात धरावं लागतं. शिवाय प्लगइननं गुपचूप दुसरी एखादी फाईल वाचली असेल, तर तीही.

मोहर्लीचंच कल्पित उदाहरण घेऊ. एका रिसॉर्टचं संकेतस्थळ आहे. सफारीच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, म्हणून त्या वेगळ्या फाईलीत ठेवल्या आहेत आणि बिल्डच्या वेळी एक प्लगइन त्या पानात भरतो. उन्हाळा आला, वेळ अर्ध्या तासानं अलीकडे आली, मालकानं वेळांची फाईल बदलली. पण पानाची स्वतःची फाईल होती तशीच. ठसा जुळला, अवजारानं साठ्यातलं हिवाळ्याचं पान उचललं आणि तेच लोकांपुढे ठेवलं. कुठेही चूक दाखवली गेली नाही. नागपूरहून आलेलं कुटुंब छापलेल्या वेळेला पोचलं, तोवर गाड्या आत गेलेल्या. संथ बिल्ड निदान खरं तरी बोलतं!

यावरचा उपाय प्लगइन लिहिणाऱ्याच्याच हातात आहे. ‘मी ही फाईलसुद्धा वाचली,’ असं त्यानं अवजाराला सांगायचं. वेबपॅक, रोलअप दोन्हींत तशी सोय आहे. आणि ज्या प्लगइनचा माल घड्याळावर किंवा इंटरनेटवरून येणाऱ्या माहितीवर ठरतो, त्याचा साठा करूच नये.

दुसरंही एक तारतम्य लागतं. ठसा काढायला आणि डिस्कवरून वाचायला वेळ जातोच. प्लगइनचं काम चुटकीसरशी होणारं असेल तर कॅशमुळे उलट उशीर होतो. चिमूटभर मिठासाठी कणगी उघडायला कोण जातं? साठा करावा तो जड कामांचा: भाषांतर, चित्रं, आकुंचन. आधी कोणता प्लगइन किती वेळ खातो ते मोजावं. न मोजता सगळीकडे कॅश लावण्याची हल्लीची हौस मला पटत नाही.

बिल्ड भाड्याच्या संगणकावर होत असेल तर तो दर वेळी बहुधा कोऱ्या पाटीनं सुरू होतो. साठा तिथे सोबत नेला नाही, तर सारा खटाटोप वाया. मोबाइलवर पाहणाऱ्याला या साठ्याचा थेट लाभ नाही, हेही सांगायला हवं. वेळ वाचतो तो घडवणाऱ्याचा. पण ठशाची कल्पना मोबाइलपर्यंत पोचतेच. तयार गठ्ठ्यांच्या नावातच ठसा गुंफतात. नाव बदललं नसेल तर मोबाइल आपल्याजवळचाच गठ्ठा वापरू शकतो, आणि जंगलाच्या कडेला, जिथे नेटवर्क येतं-जातं, तिथे तेवढंच पान लवकर उघडतं.

साठ्यावर भरवसा ठेवावा की नाही, हे तपासायची एक रोकडी पद्धत आहे. एकदा साठ्यासह बिल्ड करायचं, मग साठा पुसून कोरं बिल्ड करायचं आणि दोन्हींचा माल अक्षर न् अक्षर ताडून पाहायचा. फरक निघाला तर कुठला तरी प्लगइन काहीतरी लपवतो आहे. पावसाळ्यात ताडोबाचा गाभा तीन महिने बंद असतो. मोहर्लीच्या त्या कल्पित रिसॉर्टला ही तपासणी करायला तेवढी सवड भरपूर झाली.