पाठीचे दुखणे अंगावर काढू नका

"पाठीत भरलंय गं, दुसरं काही नाही!" असे म्हणून कितीतरी जणी रात्री बाम चोळून झोपतात आणि सकाळी पुन्हा कणीक तिंबायला उभ्या राहतात. मानेखाली, दोन्ही फऱ्यांच्या मध्ये ठुसठुसणारे हे दुखणे बाई निमूटपणे सोसते. आठवडे जातात, महिने जातात. भगिनींनो, बहुतेक वेळा हे दुखणे साधे असते आणि घरच्या घरी बरेही होते. पण क्वचित ते साधे नसते. या दोहोंतला फरक प्रत्येकीला ठाऊक हवा.

दुखते कशाने?

पाठीच्या वरच्या भागात बरगड्यांना जोडलेले बारा मणके असतात. बरगड्यांनी जखडल्यामुळे हा भाग कंबरेइतका वाकत-फिरत नाही. म्हणून इथली गादी सरकण्याचे प्रमाणही कमी. इथे बहुधा दुखतात ते मान आणि फरे धरून ठेवणारे स्नायू. आपले डोके साडेचार-पाच किलोचे. मान सरळ असली की ते मणक्यांवर तोललेले राहते. मान पुढे झुकली की सारा भार मागच्या स्नायूंवर येतो. आता आपला दिवस आठवा. पोळ्या लाटणे, भाकरी थापणे, भाजी निवडणे, शिलाई मशीन, बाळाला पाजणे, आणि दुपारी पडल्या पडल्या मोबाइल! मान वर होते कधी?

संभाजीनगरच्या बायकांना त्यात पाण्याची भर. पैठणला नाथसागर भरलेला असला, तरी गेल्या काही वर्षांत इथल्या कितीतरी वस्त्यांनी आठवड्याने नळाला पाणी येताना पाहिले. पाणी आले की पिंप, हंडे, कळश्या, सगळे तासाभरात भरायचे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. पंधरा लिटरच्या वीस बादल्या उचलल्या, म्हणजे तीनशे किलो झाले की हो! सहा दिवस स्वस्थ असलेल्या स्नायूंवर सातव्या दिवशी एवढा भार पडला, तर ते कुरकुरणारच.

घरी काय करावे?

पंधरा-वीस मिनिटे गरम पाण्याच्या पिशवीने शेक घ्यावा. दोन-तीन दिवस जड कामे टाळावीत. पण अंथरुणाला खिळून राहू नये, त्याने पाठ अधिकच आखडते. मग सोपे व्यायाम सुरू करावेत. ताठ बसून दोन्ही फरे मागे एकमेकांकडे ओढायचे, पाच अंक मोजायचे, सोडायचे. असे दहा वेळा. हनुवटी खाली न वाकवता सरळ मागे न्यायची. हेही दहा वेळा. सकाळ-संध्याकाळ नेमाने केले तर काही आठवड्यांत फरक दिसतो. व्यायामाने कळ वाढली किंवा हाताला मुंग्या आल्या, तर मात्र थांबावे.

कारण कायम ठेवून उपाय करण्यात अर्थ नाही. ओटा कोपरापेक्षा किंचित खाली असावा. उंच असला तर पायाखाली पाट घ्यावा. फार ठेंगणा असला तर पोळपाट उंचावर ठेवावा किंवा पोळ्या टेबलाशी बसून कराव्यात. बाळाला पाजताना आपण बाळाकडे न वाकता मांडीवर उशी घेऊन बाळालाच वर घ्यावे. बादली अर्धीच भरावी, अंगाजवळ धरून गुडघ्यांत वाकून उचलावी. नळाला लांब नळी लावता आली तर फारच उत्तम. आणि पाणी भरणे हे घरातल्या पुरुषांचेही काम आहे बरं का!

वेदनाशामक गोळ्या मात्र दुकानातून आणून रोज घेऊ नयेत. पोटात व्रण होतात, मूत्रपिंडालाही अपाय होतो.

केव्हा थांबू नये?

दुखणे तीन-चार आठवडे हटत नाही, विश्रांतीनेही कमी होत नाही, रात्री झोपेतून उठवते. संध्याकाळी कणकण येते, घाम सुटतो, भूक मरते, वजन उतरते. एकाच मणक्यावर बोट टेकले तरी कळ येते किंवा तिथे उंचवटा दिसतो. अशा वेळी मणक्याच्या क्षयाची शंका घ्यावी. क्षय फुप्फुसांचाच असतो असे नाही. खोकल्याचा मागमूस नसतानाही तो मणका पोखरतो. वेळीच उपचार झाले नाहीत तर मज्जारज्जू दाबला जाऊन पाय लुळे पडू शकतात. सुरुवातीला साध्या एक्स-रेत तो दिसेलच असेही नाही. म्हणून डॉक्टरांनी एमआरआय सांगितला, मणक्यातला तुकडा काढून तपासायला सांगितले, तर टाळाटाळ करू नये.

"सासरी कळलं तर काय म्हणतील?" या धास्तीने हे नाव लपवणाऱ्या बायका आजही आहेत. लाजायचे काय त्यात? हा आजार औषधांनी बरा होतो. औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि नोव्हेंबर २०२४ पासून उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा हजार रुपये बँक खात्यात जमा होतात. मणक्याच्या क्षयाचा उपचार साधारण वर्षभर, कधी त्याहून अधिक चालतो. दुखणे थांबले म्हणून गोळ्या मध्येच सोडणे सर्वांत घातक.

पाळी गेलेल्या बायकांची हाडे ठिसूळ होतात. बादली उचलताना किंवा नुसते शिंकताना पाठीत एकदम कळ आली, उंची कमी झाल्यासारखी वाटली, पोक येऊ लागले, तर मणका दबला असण्याचा संभव असतो. नाचणी, तीळ, दूध, कोवळे ऊन यांची सवय चाळिशीपासूनच ठेवावी. 'ड' जीवनसत्त्वाची इंजेक्शने मात्र आपल्या मनाने घेऊ नयेत.

आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेण्याची चाल आहे. मणका क्षयाने पोखरलेला किंवा ठिसूळ असेल, तर तो एक पाय फार महागात पडेल. कारण कळल्याशिवाय पाठीवर कोणालाही पाय देऊ देऊ नका.

पायांत अशक्तपणा आला, लघवीवरचा ताबा गेला, किंवा पाठीबरोबर छाती, जबडा वा हात दुखून घाम फुटला, धाप लागली, तर सकाळची वाट पाहू नये. बायकांमध्ये हृदयविकार कधीकधी पाठदुखीच्या रूपाने येतो. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

डॉक्टरांकडे जाताना

१९५६ साली सुरू झालेल्या आपल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजे सगळ्यांच्या 'घाटी'त, अस्थिरोग विभाग आहे. केसपेपर काढण्यापूर्वी घरीच एका कागदावर टिपून न्यावे: केव्हापासून दुखते, कशाने वाढते, रात्री दुखते का, ताप येतो का, वजन उतरले का, घरात कोणाला क्षय झाला होता का. गर्दीत डॉक्टरांसमोर "पाठ दुखते" एवढेच सांगितले, तर गोळ्या घेऊन परतावे लागते. हा कागद दाखवला तर तपासणीची दिशा ठरते.

घरात कुणाला ताप आला, तर दुसऱ्या दिवशी आपण त्याला दवाखान्यात नेतो. आपल्या पाठीलाही तोच न्याय लावा. चार आठवडे, त्याहून एक दिवसही जास्त नको!