महाविद्यालयीन विद्यार्थ्यांतील विविधता आणि प्रवेश-नोंदीची मर्यादा : माणिकपूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना
1857 साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाचे कार्यक्षेत्र महानगरापासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेले आहे. अशा सार्वजनिक विद्यापीठातील विद्यार्थी-समुदायाचे वैविध्य त्याच्या संलग्न महाविद्यालयांच्या वर्गांतच खऱ्या अर्थाने पाहावयास मिळते. माणिकपूर परिसर हे त्याचे एक बोलके उदाहरण होय. पूर्वीची नवघर-माणिकपूर नगरपरिषद 2009 मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिकेत विलीन झाली. 2011 च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या 12 लाखांहून अधिक होती.

विविधतेचे स्वरूप
वसईचा पश्चिम पट्टा हा वाडवळ, सामवेदी, आगरी, कोळी व ख्रिस्ती समाजांचा. पूर्वेकडील डोंगरपट्टा वारली, कातकरी, मल्हार कोळी यांचा. लोकल गाडीमुळे मुंबईत परवडणारे घर न मिळालेली कुटुंबे येथे स्थिरावली. त्यांत कोकण व घाटावरील मराठी भाषकांबरोबर गुजराती, उत्तर भारतीय व दक्षिण भारतीय कुटुंबेही आहेत. परिणामी बागायतदाराची मुलगी, रिक्षाचालकाचा मुलगा आणि पाड्यावरून येणारा विद्यार्थी एकाच बाकावर बसतात.

नोंदीतून काय दिसते?
प्रवेश-अर्जात लिंग, प्रवर्ग, धर्म व उत्पन्न यांची नोंद होते. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणासाठीही प्रामुख्याने अशीच माहिती संकलित होते. 2021-22 च्या या सर्वेक्षणानुसार देशातील स्थूल नोंदणी प्रमाण 28.4, तर अनुसूचित जमातींचे 21.2 इतके होते. म्हणजेच सामाजिक दरी ओळखण्यासाठी प्रवर्गाची नोंद अपरिहार्य आहे. 2014 मध्ये निर्माण झालेल्या पालघर जिल्ह्याच्या क्षेत्रात, 2011 च्या जनगणनेनुसार, सुमारे 37 टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची होती; राज्यस्तरीय आरक्षण मात्र 7 टक्के आहे. त्यामुळे आरक्षित जागा भरल्या एवढ्यावरून स्थानिक आदिवासी विद्यार्थ्यांचे पुरेसे प्रतिनिधित्व झाले, असा निष्कर्ष काढणे योग्य ठरणार नाही.

नोंदीतून काय निसटते?
कादोडी अर्थात सामवेदी बोली बोलणारे ख्रिस्ती व ब्राह्मण विद्यार्थी धर्माच्या रकान्यात विभागले जातात. त्यांना जोडणारी बोली मात्र ‘मराठी’ या एका शब्दाखाली लुप्त होते. वारली भाषक विद्यार्थ्याची स्थिती अधिक बिकट असते. घरी वारली, शाळेत प्रमाण मराठी आणि वाणिज्य वा विज्ञान शाखेत बहुधा इंग्रजी, असे दुहेरी भाषांतर त्याला करावे लागते. पहिल्या सत्रातील त्याचे मौन ही बौद्धिक उणीव समजली गेल्यास तो परीक्षेपूर्वीच वर्गातून गळण्याचा संभव असतो. कुटुंबातील पहिलीच शिकणारी पिढी, प्रवासाचा वेळ व अर्थार्जनाची जबाबदारी हे घटकही प्रवर्गावरून कळत नाहीत.

समारोप
आरक्षणामुळे महाविद्यालयाचे दार उघडते. वर्गात टिकून राहण्याची व्यवस्था अध्यापकांनाच उभारावी लागते. प्रथम वर्षाच्या आरंभी घरची बोली, शालेय माध्यम, प्रवासाचा वेळ व कुटुंबातील शिक्षण यांची ऐच्छिक, गोपनीय नोंद घेणे, पारिभाषिक संज्ञा दोन्ही भाषांत देणे आणि पहिल्या चाचणीनंतर गैरहजर राहणाऱ्यांची चौकशी करणे, हे उपाय अल्प खर्चात शक्य आहेत. विविधतेची गणना तिच्या आकलनाचे साधन व्हावी, तिचा पर्याय होऊ नये.