हृदय उजवीकडे, सर्दी बारमाही

श्वासनलिकेच्या आतल्या पेशींवर डोळ्यांना न दिसणारे केस असतात. त्यांचे नाव सिलिया. सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलून ते धूळ, जंतू आणि कफ घशाकडे ढकलत राहतात. जन्मतःच ते लुळे असले, तर बाळाची सर्दी हटत नाही, कान वारंवार बिघडतात, खोकला मुरतो आणि पुढे फुप्फुसातल्या नळ्या कायमच्या सैलावतात.

झुरिचचे डॉ. मानेस कार्टागेनर यांनी १९३३ साली असे चार रुग्ण नोंदवले. सायनसचा त्रास, फुप्फुसाचा विकार आणि हृदय चक्क उजवीकडे! या तिन्हींचा धागा सापडायला १९७६ उजाडले. या केसांना हलवणारे डायनिन प्रथिनाचे ‘हात’च अशा रुग्णांत नाहीत, हे स्टॉकहोमच्या ब्योर्न अफ्झेलियस यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दाखवले. शुक्राणूच्या शेपटीची रचनाही तीच, म्हणून अनेक पुरुषांना वंध्यत्व येते. गर्भाचे डावे-उजवे ठरते तेही सिलियांनी वाहत्या केलेल्या द्रवामुळे. ते थांबले, की सारे नशिबावर. साधारण निम्म्या रुग्णांत अवयव उलट बाजूला आढळतात.

न हलणारे सिलियाही असतात. ते पेशीचे अँटेना. त्यांच्यातल्या बिघाडाने मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होतात. बार्डेट-बीडल विकारात तर जादा बोट, लठ्ठपणा आणि रातांधळेपणा एकाच मुलात दिसतात. सहा बोटांच्या मुलाला संध्याकाळी चाचपडावे लागत असेल, तर डॉक्टरांना दोन्ही गोष्टी एकत्रच सांगाव्यात.