बांधाचा वाद, मध्यस्थीची वाट

अहिल्यानगर : 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये', असे जुनी मंडळी सांगत आली. तरीही चौदा तालुक्यांच्या या जिल्ह्यात बांध, वहिवाट, विहिरीच्या पाण्याची पाळी आणि भावकीतील वाटणी यांवरून दावे उभे राहतातच. हातभर बांधासाठी आजोबांनी लावलेला दावा नातवाच्या वाट्याला येतो. खालच्या न्यायालयाचा निकाल लागला, की अपील आणि त्यानंतर उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ. अखेर एक पक्ष जिंकतो; पण शेजार दोघांनाही चुकत नाही.

या फेऱ्यातून सुटण्याचा मार्ग कायद्यानेच दिला आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचे सुधारित कलम ८९ हे १ जुलै २००२ पासून अमलात आले. तडजोडीची शक्यता दिसल्यास न्यायालय प्रकरण लवाद, सलोखा, लोकअदालत किंवा मध्यस्थीकडे पाठवू शकते. संसदेने २०२३ मध्ये मध्यस्थीसाठी स्वतंत्र अधिनियमही संमत केला.

लवाद आणि मध्यस्थ यांत मूलभूत फरक आहे. लवाद निवाडा देतो. मध्यस्थ देत नाही. तो दोन्ही पक्षांना एकत्र, गरज पडल्यास स्वतंत्रपणे भेटतो आणि हट्टामागची खरी गरज शोधतो. बांधावरून भांडणाऱ्याला अनेकदा दोन फूट जमीन नव्हे, तर शेतात बैलगाडी नेण्यापुरता रस्ता हवा असतो. मध्यस्थीतील बोलणे गोपनीय राहते. समेट न झाल्यास प्रकरण न्यायालयात परत जाते आणि तेथे झालेले बोलणे पुरावा म्हणून वापरता येत नाही. त्यामुळे प्रयत्न करून पाहण्यात पक्षकाराचे नुकसान नसते.

लोकअदालतीत प्रलंबित दावा मिटला, तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. तेथील निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नसते. म्हणूनच मसुदा वाचून, समजून घेतल्याखेरीज सही करू नये. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग तसेच अल्प उत्पन्न गटातील पक्षकारांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

महाराष्ट्राला हा मार्ग नवा नाही. १५ ऑगस्ट २००७ रोजी राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि तंटे गावातच मिटविण्यासाठी समित्या नेमल्या गेल्या. २०२३ च्या प्रारंभी शासनाने 'सलोखा' योजना आणली. एकाची जमीन दुसऱ्याच्या आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात किमान बारा वर्षे असेल, तर परस्पर संमतीने अदलाबदल दस्त करण्यास त्या योजनेने मुभा दिली. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी प्रत्येकी एक हजार रुपये ठेवण्यात आली.

अर्थात प्रत्येक वाद तडजोडीचा नसतो. खून, बलात्कार यांसारखे गंभीर गुन्हे येथे मिटविता येत नाहीत. दुबळ्या पक्षावर गावाचे किंवा भावकीचे दडपण असेल, तर तो समेट नव्हे, सक्ती ठरते. बहिणीने वाटणीतील हक्क 'माहेर तुटू नये' म्हणून सोडला, तर त्याला सामोपचार म्हणता येईल काय, हा प्रश्न मध्यस्थाने विचारलाच पाहिजे.

दोघांनीही मनापासून केलेली सही हीच तडजोडीची खरी कसोटी. ती उतरली, तर पुढच्या पिढीला सातबाऱ्यासोबत दाव्याचे कागद वारशाने घ्यावे लागणार नाहीत.