निष्ठा कशावर आणि शंका कशाची?

राजकीय मत बदलणाऱ्या माणसाला आपल्या समाजात फारसा मान नाही. 'टोपी फिरवली', 'कोलांटउडी मारली' एवढ्यावर त्याची बोळवण होते. उलट तारुण्यात उचललेला झेंडा अखेरपर्यंत न सोडणारा तो निष्ठावंत. परंतु ही निष्ठा नेमकी कशावर असते, हे सहसा कोणी विचारत नाही. विचारायचेच झाले, तर मानवेंद्रनाथ रॉय यांच्या आयुष्याइतके बोलके उदाहरण सापडणे कठीण.

१८८७ साली बंगालमध्ये जन्मलेले हे नरेंद्रनाथ भट्टाचार्य १९१५ मध्ये जर्मन शस्त्रांच्या शोधात देशाबाहेर पडले, अमेरिकेत त्यांनी नाव बदलले आणि तेथून ते मेक्सिकोत गेले. देशभक्त क्रांतिकारकाचा मार्क्सवादी झाला आणि १९१९ मध्ये मेक्सिकोच्या कम्युनिस्ट पक्षाच्या स्थापनेतही त्यांचा वाटा होता. पुढच्याच वर्षी मॉस्कोतील कम्युनिस्ट इंटरनॅशनलच्या अधिवेशनात ३३ वर्षांच्या रॉय यांनी प्रत्यक्ष लेनिनशी मतभेद नोंदवला. वसाहतींमधील मध्यमवर्गीय राष्ट्रीय चळवळींना साहाय्य करावे, असे लेनिनचे मत. तो वर्ग ऐनवेळी तडजोड करील, असे रॉय यांचे. लेनिनइतका आपल्या सिद्धान्ताविषयी ठाम पुरुष विरळाच. तरीही आवश्यक त्या दुरुस्त्यांनंतर दोन्ही मसुदे अधिवेशनाने स्वीकारले.

दहा वर्षांत ही मोकळीक संपली. १९२८ नंतर इंटरनॅशनलने समाजवादी लोकशाहीवाद्यांना फॅसिस्टांच्याच पंक्तीला बसवले आणि त्यांच्याशी आघाडी वर्ज्य ठरवली. बर्लिनमध्ये असलेल्या रॉय यांना हे धोरण आत्मघातकी वाटले. ते गप्प राहिले असते, तर कदाचित पद टिकले असते. त्यांनी जर्मनीतील विरोधी गटाच्या नियतकालिकांत लिहिले आणि १९२९ मध्ये त्यांची हकालपट्टी झाली. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला, तेव्हा जर्मनीतील डाव्यांचे हे दोन पक्ष एकमेकांशीच झुंजत होते. रॉय मात्र त्या वेळी भारतात तुरुंगात होते. १९३१ मध्ये मुंबईत पकडले गेल्यावर त्यांची सुटका झाली ती १९३६ मध्ये.

राजकीय श्रद्धेला तीन मजले असतात, असे मानले तर हा प्रवास नीट उमगतो. तळाशी मूल्य: माणूस स्वतंत्र असावा. त्यावर निदान: कोणता वर्ग, कोणता मार्ग ते स्वातंत्र्य आणील. सर्वांत वर संघटना: पक्ष, पुढारी, घोषणा. निदान हे वस्तुस्थितीविषयीचे विधान आहे. ते चुकू शकते, म्हणून त्याविषयी शंका घेणे हे कर्तव्यच ठरते. प्रत्यक्षात आपण ज्याला तत्त्वनिष्ठा म्हणतो, ती बहुधा वरच्या मजल्यावरची निष्ठा असते आणि तळमजल्याचे नाव सांगून ती मिरवली जाते.

अर्थात रॉय नेहमीच दोलायमान होते असे नव्हे. दुसऱ्या महायुद्धात फॅसिझमचा पराभव हेच पहिले कार्य मानून त्यांनी ब्रिटिशांच्या युद्धप्रयत्नांना पाठिंबा दिला. युद्धानंतर साम्राज्य आपोआप मोडेल, हा त्यांचा होरा होता. १९४२ मध्ये सारा देश 'चले जाव' म्हणत असतानाही ते हटले नाहीत. त्यांचा होरा पुष्कळसा खरा ठरला, पण लोकांनी त्यांना क्षमा केली नाही. त्यांच्या कामगार संघटनेला सरकारकडून दरमहा १३,००० रुपये मिळत होते, हे पाहता लोकांचा संशय अगदीच अनाठायी म्हणवत नाही. १९४६ च्या निवडणुकांत त्यांच्या पक्षाचा धुव्वा उडाला आणि १९४८ च्या अखेरीस त्यांनी तो पक्षच विसर्जित केला. पक्षपद्धतीतच सत्तेचे केंद्रीकरण अटळ आहे, हा त्यांचा युक्तिवाद. द्राक्षे आंबट झाली म्हणून तो सुचला का? थोडे तसेही असेल. पण एवढ्याने युक्तिवाद खोटा ठरत नाही.

परदेशात राहणाऱ्या आपल्याला येथे एक अडचण आहे. ज्या देशाच्या राजकारणावर आपण तावातावाने बोलतो, तेथे आपल्या मताची किंमत प्रत्यक्षात दुसरेच मोजतात. भाव वाढोत वा दंगल होवो, निदान चुकल्याचा फटका आपल्यापर्यंत पोचत नाही. त्यामुळे ठाम राहणे सोपे होते आणि शंका घ्यायला कारणच उरत नाही. रॉय यांचीही बरीच वर्षे परदेशात गेली. फरक इतकाच, की त्यांनी आपल्या मतांची किंमत स्वतः मोजली.

त्यांच्या मराठी अनुयायांपैकी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पुढे काँग्रेसमध्ये गेले आणि विश्वकोशाच्या कामात रमले. सासवडचे वि. म. तारकुंडे १९५७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. रॉय यांचे लेखन वाचून अमेरिकेत विस्कॉन्सिन येथे विद्यार्थिदशेत मार्क्सवादी झालेले जयप्रकाश नारायणही मार्क्सवाद सोडून सर्वोदयाकडे वळले होते. १९७४ मध्ये जयप्रकाश आणि तारकुंडे यांनी मिळून 'सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी' ही संघटना उभारली. पुढच्याच वर्षी आणीबाणी आली आणि नागरी स्वातंत्र्याच्या प्रश्नावर हे दोघे एकाच बाजूला उभे होते.