मुरूम, माती आणि हळदीचा कागद

ताईच्या कपाळावर मुरूम आला रे आला, की घरात सल्ल्यांचा पाऊस सुरू! आजी म्हणते हळद लाव. आई म्हणते मुलतानी माती. मैत्रीण म्हणते, सरळ लिंबू चोळ! यातलं कुणाचं ऐकायचं?

आधी मुरूम होतो कसा ते बघू. त्वचेवरच्या बारीक केसांच्या मुळाशी तेल तयार करणाऱ्या इवल्याशा ग्रंथी असतात. वय ११-१२ च्या पुढे सरकलं, की शरीरातली संप्रेरकं या ग्रंथींना जोरात कामाला लावतात. जास्तीचं तेल आणि त्वचेच्या मेलेल्या पेशी मिळून छिद्राला बूच बसतं. एरवी सगळ्यांच्याच त्वचेवर गुपचूप राहणारे जिवाणू आत भराभर वाढतात. त्यांना आवरायला शरीर धावून येतं आणि जागा लाल होऊन सुजते. म्हणजे सगळा गोंधळ आतला, आणि लेप लावायचा बाहेरून!

मग लेपाचा उपयोग काय? मुलतानी मातीचे कण अतिशय बारीक आणि पापुद्र्यापापुद्र्यांचे असतात. त्यांच्या पृष्ठभागाला तेल चिकटतं आणि धुताना मातीबरोबर निघून जातं. पूर्वी लोकरीतलं तेलही अशाच मातीनं काढत. माती वाळताना आक्रसते, म्हणून चेहरा ताणल्यासारखा वाटतो. ती पार कडक होऊ द्यायची नाही, नाहीतर त्वचा कोरडी पडते.

लेपात घालतात त्या दह्यात लॅक्टिक आम्ल असतं. ते मेलेल्या पेशींची एकमेकींवरची पकड सैल करतं. पण दह्यात ते थोडंच, म्हणून परिणामही हलकाच.

आता लिंबू. आम्ल किती तीव्र ते 'सामू'वरून कळतं. सामूची एक पायरी खाली उतरलात, की आम्लता दहापट वाढते. आपल्या त्वचेचा सामू ५ च्या आसपास, लिंबाच्या रसाचा साधारण २. तीन पायऱ्या, म्हणजे जवळजवळ हजारपट आम्ल! शिवाय लिंबातली काही द्रव्यं त्वचेवर असताना ऊन लागलं, तर भाजल्यासारखे फोड येऊ शकतात आणि मागे काळे डाग उरतात. डाग घालवायला गेलो आणि नवे घेऊन आलो!

आजीच्या हळदीतला पिवळा रंग कर्क्युमिनचा. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ मध्ये चक्क पेटंट दिलं गेलं होतं! डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआर या संस्थेनं हा गुण आपल्याकडे आधीपासून ठाऊक होता, याचा पुरावा म्हणून जुने ग्रंथ आणि लेख मांडले आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. तरी लेपातली चिमूटभर हळद मुरूम हमखास घालवते, असं नाही.

कुठलाही लेप आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. खाज, लाली आली तर चेहऱ्याला नकोच. मुरूम फोडू नका. दुखरे, मोठे असतील तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

आता एक प्रयोग. कागदावर ओली हळद फासून वाळवा. त्याचे तुकडे करून एकावर साबणाचं पाणी, दुसऱ्यावर खायच्या सोड्याचं पाणी, तिसऱ्यावर दही लावा. जिथे कागद लालसर होईल, तो पदार्थ आम्लारी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा. आपल्या आम्लधर्मी त्वचेला लेप म्हणून नको. मग पिवळा राहिला तो चांगला का? थांबा! चौथ्या तुकड्यावर लिंबू पिळून बघा. तोही पिवळाच राहील!