पीक शरीरक्रियाविज्ञान

पिकांचे पोषण, श्वसन, बाष्पोच्छ्वास, फुलोरा, दाणे भरणे इ. क्रिया कशा चालतात आणि अवर्षण, पूर, उष्णता, थंडी यांच्या ताणामुळे त्यांत कोणते फेरफार होतात, यांचा अभ्यास करणारी शाखा. वनस्पतींच्या शरीरक्रियाविज्ञानाची ही उपशाखा असली, तरी तिचा रोख एकट्या झाडापेक्षा शेतातील पिकाकडे व त्याच्या उत्पन्नाकडे असतो.

पूर्व विदर्भातील धान हे तिचे बोलके उदाहरण होय. चंद्रपूर जिल्ह्यातील पोंभुर्णा तालुक्याच्या पूर्वेस वैनगंगा वाहते. या भागात वार्षिक पर्जन्य १,००० मिमी.हून अधिक आहे. अडचण त्याच्या वाटपाची आहे. रोवणी झाल्यावर कधी बांध्या दिवसेंदिवस पाण्याखाली राहतात, तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, नेमक्या लोंब्या निसवण्याच्या वेळी, पाऊस दडी मारतो.

जमिनीतील ओल घटू लागली की मुळांत ॲबसिसिक अम्ल तयार होऊन ते पानांकडे जाते व त्वग्रंध्रे मिटतात. पाण्याचा व्यय थांबतो, पण त्याच वाटेने येणारा कार्बन डाय-ऑक्साइडही अडतो. प्रकाशसंश्लेषण मंदावते व पान तापते. पानांची सुरळी होणे हे या अवस्थेचे दृश्य लक्षण. फुटव्यांच्या काळात असा ताण पडला, तर पाणी मिळताच पीक बरेचसे सावरते. पोटरीच्या अवस्थेत मात्र तसे होत नाही. फुलोऱ्याच्या सु. १० ते १२ दिवस आधी परागकोशांत न्यूनीकरण विभाजन चालू असते. त्या वेळी शर्करेचा पुरवठा तुटल्यास पराग वंध्य राहतात. पुढे पाऊस आला, पाने हिरवीगार झाली, तरी दाणे पोचट राहतात व वजनाअभावी लोंब्या वाकत नाहीत. नुकसान डोळ्यांना दिसते तेव्हा ते होऊन गेलेले असते. माजी मालगुजारी तलावांचे पाणी या दिवसांसाठी राखून ठेवण्याची रीत शरीरक्रियेच्या दृष्टीने अचूक आहे. तलाव गाळाने भरणे म्हणूनच केवळ सिंचनक्षेत्र घटण्यापुरते मर्यादित नाही.

पुराचा ताण निराळा. धानाच्या मुळांत व खोडात वायूतक असल्याने उभे पाणी त्यास सोसते, परंतु संपूर्ण बुडाल्यास नाही. वायूंचे विसरण हवेपेक्षा पाण्यात सु. १०,००० पट सावकाश होते. त्यामुळे ऑक्सिजन अपुरा पडतो व एथिलीन कोंडून राहते. त्याच्या प्रभावाने रोपे पाण्याबाहेर येण्यासाठी भराभर उंच वाढतात, साठविलेले अन्न संपवितात आणि पूर ओसरताच लोळतात. ओडिशातील ‘एफआर १३ ए’ या वाणाची रोपे याउलट वाढ रोखून स्टार्च राखून ठेवतात व सु. दोन आठवडे तग धरतात. या गुणास कारणीभूत असलेल्या जनुकाची ओळख २००६ मध्ये जाहीर झाली. तो ‘स्वर्णा’ या वाणात संकराने आणून तयार केलेला ‘स्वर्णा-सब १’ भारतात २००९ पासून लागवडीत आला. वैनगंगेस ऑगस्ट २०२० मध्ये आला तसा पूर जिथे वारंवार संभवतो, तिथे या गुणाचे मोल मोठे आहे. मात्र हा वाण दीर्घ मुदतीचा असल्याने पाण्याची शाश्वती नसलेल्या उंच बांधीसाठी तो योग्य ठरत नाही.

उन्हाळी धानास दोन्ही टोके गाठावी लागतात. जानेवारीतील थंडीने पऱ्हे पिवळे पडून खुंटतात. लागवड लांबली, तर फुलोरा एप्रिलच्या उन्हात सापडतो. धानाचे फूल सकाळी तास-दोन तासच उमलते आणि त्या अवधीत तापमान ३५° से.च्या वर गेल्यास परागकोश नीट फुटत नाहीत. लवकर सकाळी उमलणारे वाण म्हणून पैदासकारांना हवे असतात.

धान उभे असतानाच बांधीच्या ओलीवर पेरली जाणारी लाखोळी कोरडेपणा धानापेक्षा कितीतरी अधिक सोसते. तिच्या बियांत मज्जातंतूंना अपायकारक असे एक ॲमिनो अम्ल असते व पाण्याच्या ताणात त्याचे प्रमाण वाढते. इतर पिके बुडालेल्या दुष्काळी वर्षी लाखोळी हेच मुख्य अन्न झाले, की पाय लुळे पडण्याचा विकार उद्‌भवे, त्याचे एक कारण हे होय. [⟶ प्रकाशसंश्लेषण; भात].